धोका कशाच्या तुलनेत, तेही छापा: ई-सिगारेटच्या बातम्या देणाऱ्यांना खुलं पत्र

माननीय संपादक, वृत्तवाहिन्यांचे निर्माते आणि आरोग्यविषयक वार्तांकन करणारे पत्रकार यांस,

सप्रेम नमस्कार.

‘ई-सिगारेट सिगारेटहूनही घातक’ हा मथळा गेल्या महिन्यात पुन्हा झळकला. खालचा मजकूर वाचला तर प्रयोग झाला होता प्रयोगशाळेत वाढवलेल्या फुप्फुसाच्या पेशींवर. ई-सिगारेटच्या द्रवात स्वादासाठी घालतात तो एक घटक त्या पेशींवर टाकला आणि काही पेशी मेल्या. सिगारेटच्या धुराशी तुलना त्या प्रयोगात केलेलीच नव्हती. मथळ्यात मात्र ती ठळक अक्षरांत होती. मी दोन परिच्छेदांचा खुलासा पाठवला. ‘विषय आता जुना झाला’ असं उत्तर आलं आणि प्रकरण तिथेच मिटलं. बातमी जुनी होते, पण ती वाचून माणसाने घेतलेला निर्णय त्याच्यासोबत राहतो. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी तंबाखू सोडू पाहणाऱ्यांबरोबर काम करणारी समुपदेशक आहे. माझ्याकडे येणारे काही जण समोर बसून बोलतात, काही परदेशातून फोनवर. त्यातले काही अशा देशांत राहतात जिथे ई-सिगारेट कायदेशीरपणे विकली जाते, काही अशा देशांत जिथे ती विकणं हा गुन्हा आहे. तंबाखू, ई-सिगारेट किंवा औषधं बनवणाऱ्या कुठल्याही कंपनीकडून मी कधी पैसा घेतलेला नाही. आणि जो कधीच सिगारेट ओढत नव्हता, त्याने ई-सिगारेटला हात लावू नये, हे मी जवळपास रोज कुणाला तरी सांगते. हे आधीच सांगते, कारण या विषयावर तोंड उघडलं की समोरचा लगेच विचारतो, तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूच्या? मी माझ्यासमोर बसलेल्या माणसाच्या बाजूची आहे. तो तुमच्या बातम्या वाचून येतो आणि त्यांचा परिणाम मला दिसतो.

एका गृहस्थांबद्दल सांगते. अनेक वर्षं सिगारेट ओढल्यावर त्यांनी, ते राहत होते त्या देशात कायदेशीर असलेली ई-सिगारेट वापरून, सिगारेट पूर्ण बंद केली होती. सकाळचा खोकला थांबला होता. 2019 च्या शरदात अमेरिकेतल्या मृत्यूंच्या बातम्या आल्या. मुलीने घाबरून एक बातमी त्यांना पाठवली. त्यांनी ई-सिगारेट त्याच दिवशी कचऱ्यात टाकली आणि संध्याकाळी सिगारेटचं पाकीट आणलं. माझ्याकडे आले तेव्हा त्या बातमीचं छापील कात्रण घडी करून पैशांच्या पाकिटात ठेवलेलं होतं. घडीवर कागद फाटायला आला होता. मी ते पूर्ण वाचलं. मृतांचा आकडा होता, एका तरुण रुग्णाचा फोटो होता, डॉक्टरांचा इशारा होता. कार्ट्रिजमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमधल्या द्रवाच्या कुपीत, नेमकं काय भरलेलं होतं, याबद्दल एक ओळ नव्हती. आज त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार आहे. तो आजार त्या बातमीने झाला असं मी म्हणणार नाही. तो सिगारेटने झाला. पण सुटलेली सिगारेट पुन्हा हातात आली, ती त्या बातमीने.

म्हणून पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार 2019 ची आहे. त्या वर्षी उन्हाळ्यापासून अमेरिकेत तरुण माणसं दम लागून, ताप आणि उलट्या होऊन रुग्णालयात दाखल होऊ लागली. फुप्फुसाची ही गंभीर इजा पुढे ‘इवाली’ या नावाने ओळखली गेली. फेब्रुवारी 2020 पर्यंत अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राकडे 2,807 रुग्णांची नोंद झाली होती आणि त्यातले 68 जण दगावले होते. हे संकट खरं होतं, त्याची बातमी पहिल्या पानावर यायलाच हवी होती. पण ज्या रुग्णांची माहिती मिळाली, त्यांपैकी 82 टक्के रुग्णांनी टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक असलेली कार्ट्रिज वापरल्याचं सांगितलं. त्यातली बरीचशी अनधिकृत मार्गाने मिळवलेली होती. तेल दाट दिसावं म्हणून त्यात ‘व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट’ मिसळलेलं असे. हा पदार्थ पोटात गेला किंवा त्वचेला लावला तर सहसा अपाय करत नाही. तापवून फुप्फुसात ओढला की गोष्ट वेगळी होते. डिसेंबर 2019 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जो अभ्यास आला, त्यात 51 रुग्णांच्या फुप्फुसांतून घेतलेल्या द्रवाची तपासणी केली होती. 48 जणांत हा पदार्थ सापडला. निरोगी माणसांच्या तुलनात्मक गटात तो सापडला नाही.

काही रुग्णांनी आपण फक्त निकोटीन वापरल्याचं सांगितलं होतं, सुमारे 14 टक्क्यांनी. म्हणून त्या केंद्राने इतर कारणांची शक्यता पूर्णपणे नाकारली नाही. हेही वाचकाला कळायला हवं. पण निकोटीनची ई-सिगारेट त्याआधी दहाहून अधिक वर्षं बाजारात होती. ब्रिटनमध्ये लाखो लोक ती वापरत होते आणि तिथे अशी साथ आली नाही. अमेरिकेतली साथ काही महिन्यांत उसळली आणि ओसरली. नव्याने आलेल्या एखाद्या भेसळीकडे हे सगळं बोट दाखवत होतं. सप्टेंबरमध्ये ही साथ तुमच्या पहिल्या पानावर होती, वाहिन्यांच्या पट्टीवर दिवसभर फिरत होती. डिसेंबरमधला खुलासा कुठे आला? आलाच असेल तर आतल्या पानावर, एका चौकटीत. आजही माझ्याकडे येणारे सिगारेट ओढणारे लोक ते मृत्यू निकोटीनच्या ई-सिगारेटने झाले असंच सांगतात. त्यांना दोष कसा द्यायचा? त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला.

दुसरी तक्रार तुलनेची. ‘ई-सिगारेटमध्ये घातक रसायन आढळलं’ या वाक्याने वाचकाला काहीच सांगितलं जात नाही, जोपर्यंत किती, कोणत्या परिस्थितीत आणि कशाच्या मानाने, हे येत नाही. स्वच्छ हवेच्या मानाने ई-सिगारेट वाईटच. जळत्या सिगारेटच्या मानाने? तिच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं असतात आणि त्यातली सुमारे 70 कर्करोगाला कारणीभूत ठरू शकतात. हे दोन प्रश्न दोन वेगळ्या माणसांचे आहेत. कधीच न ओढलेला मुलगा पहिला प्रश्न विचारतो. दिवसाला पाकीट संपवणारा माणूस दुसरा. तुमच्या बातमीत पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला दिलं जातं.

जानेवारी 2015 मधलं फॉर्माल्डिहाइड या कर्करोगकारक रसायनाचं प्रकरण आठवा. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या त्याच वैद्यकीय नियतकालिकात संशोधकांचं एक छोटं पत्र प्रसिद्ध झालं. उपकरण 5 व्होल्टवर चालवलं तेव्हा फॉर्माल्डिहाइड सोडू शकणारी संयुगं मोठ्या प्रमाणात मिळाली. 3.3 व्होल्टवर ती आढळलीच नाहीत. जास्त व्होल्टेजवर द्रव तापवणारी तार, म्हणजे कॉइल, अतिशय तापते, द्रव शोषणारी वात कोरडी पडते आणि झुरका इतका जळका, कडवट लागतो की माणूस तो पुन्हा घेत नाही, असा आक्षेप नंतर इतर संशोधकांनी घेतला. बातम्यांमध्ये फक्त 5 व्होल्टचा आकडा आला. 3.3 व्होल्टचा निकाल त्याच पानावर, त्याच पत्रात होता.

‘पॉपकॉर्न लंग’चंही तसंच. 2000 साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातल्या कामगारांमध्ये ब्राँकियोलायटिस ऑब्लिटरन्स हा फुप्फुसातल्या बारीक नळ्या अरुंद करणारा दुर्मीळ आजार आढळला; त्यालाच हे टोपणनाव पडलं. लोण्यासारखा स्वाद देणाऱ्या डायअसेटिलची वाफ ते कामाच्या जागी श्वासावाटे घेत होते. डिसेंबर 2015 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ई-सिगारेटचे 51 स्वाद तपासले आणि 39 मध्ये डायअसेटिल सापडलं. माझ्या मते हा पदार्थ श्वासातून ओढायच्या कुठल्याही वस्तूत असता कामा नये. ब्रिटनमध्ये ई-सिगारेटच्या द्रवात तो घालायला 2016 पासून बंदी आहे, आणि ते योग्यच झालं. पण हेच डायअसेटिल साध्या सिगारेटच्या धुरात कितीतरी जास्त प्रमाणात असतं, हे कुठल्या बातमीत वाचलंत? ते न सांगता ‘ई-सिगारेटने पॉपकॉर्न लंग’ असं छापलं की वाचक समजतो, सिगारेटमध्ये निदान हा धोका तरी नाही.

उंदरांवरच्या अभ्यासांविषयी थोडक्यात. 2019 मधल्या एका प्रयोगात निकोटीनयुक्त एरोसॉलमध्ये, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म थेंबांत, वर्षभराहून जास्त काळ ठेवलेल्या 40 उंदरांपैकी 9 उंदरांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. हा निष्कर्ष गंभीर आहे आणि पुढच्या संशोधनाला दिशा देणारा आहे. पण ते उंदीर एरोसॉलने भरलेल्या पेटीत होते, त्यांचं सगळं अंग त्यात होतं, आणि संख्या अवघी 40. मथळ्यात ‘उंदरांमध्ये’ हा एक शब्द घालायला किती जागा लागते? बहुतेक मथळ्यांत तो नव्हता.

आता मागे घेतलेल्या संशोधनाबद्दल. जून 2019 मध्ये ‘जर्नल ऑफ द अमेरिकन हार्ट असोसिएशन’मध्ये एक लेख आला. ई-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण जास्त, असा त्याचा निष्कर्ष. जगभर बातम्या झाल्या. पुढे इतर अभ्यासकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा दिसलं, की त्यातल्या काही जणांना झटका आला होता तो ई-सिगारेट सुरू करण्याच्या आधी. फेब्रुवारी 2020 मध्ये नियतकालिकाने लेख मागे घेतला. ई-सिगारेट हृदयाला निर्धोक आहे असं यातून सिद्ध होत नाही. निकोटीनने नाडी आणि रक्तदाब वाढतो, आणि दीर्घकाळाचा अभ्यास अजून हाती यायचा आहे. पण ज्यांनी मूळ बातमी दिली, त्यांनी लेख मागे घेतल्याची बातमी द्यायला हवी होती. अनेकांची मूळ बातमी आजही इंटरनेटवर जशीच्या तशी आहे, खाली एका ओळीची दुरुस्तीसुद्धा नाही. एखाद्या नेत्याच्या तोंडी चुकीचं वाक्य घातलं गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी दिलगिरी छापली असती. शास्त्राच्या बाबतीत तेवढी काळजी का नाही?

निकोटीनवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथलं नुकसान ई-सिगारेटपुरतं थांबत नाही. निकोटीन व्यसन लावतं, आणि घट्ट लावतं. किशोरवयातल्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. गरोदरपणात ते टाळायलाच हवं. हे सगळं खरं. पण सिगारेट ओढणारा मरतो तो मुख्यतः जळलेल्या तंबाखूच्या धुराने: टार, कार्बन मोनॉक्साइड, आणि बेन्झोपायरीन, नायट्रोसामाइन्स यांसारखी कर्करोगकारक रसायनं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे. निकोटीनला त्या यादीत घातलेलं नाही. तरी 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या सुमारे 80 टक्के डॉक्टरांनी निकोटीनने थेट कर्करोग होतो असं ठामपणे म्हटलं. डॉक्टरांची ही गत, तर सामान्य वाचकाचं काय?

त्याचा परिणाम मी असा पाहिला. एका बाईंना सिगारेट सोडण्यासाठी निकोटीनचा पॅच दिलेला होता. सकाळी दंडावर लावायचा, दिवसभर ठेवायचा. त्या दुपारीच काढून टाकायच्या आणि कागदात गुंडाळून ठेवायच्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, “निकोटीनने कॅन्सर होतो ना, मग जेवढा कमी वेळ अंगावर तेवढं बरं.” संध्याकाळी तलफ अनावर व्हायची आणि सिगारेट पेटायची. ज्या भीतीने त्यांनी पॅच काढला, त्याच भीतीची खरी जागा असलेली वस्तू त्या ओठाला लावत होत्या. गम चघळणारेही असंच करतात: अर्धी गोळी, तीही उशिरा, मग ‘गमचा काही उपयोग होत नाही’ असा निष्कर्ष. पॅच आणि गम ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत 2009 पासून असलेली औषधं आहेत. ई-सिगारेट जिथे मिळत नाही तिथेही ती मिळतात. ई-सिगारेटच्या बातमीत निकोटीनला सरसकट विष म्हटलं की तडाखा या औषधांनाही बसतो.

इथे एक इशारा मला द्यायलाच हवा, कारण वरचं वाचून कुणी भलताच अर्थ काढू शकतं. जळत नाही म्हणून चघळायची तंबाखू सुरक्षित, असं अजिबात नाही. त्या पानातच नायट्रोसामाइन्स असतात आणि तोंडाचा कर्करोग त्यांनी होतो. पॅचमधलं शुद्ध निकोटीन वेगळं आणि गालात दाबून धरलेली तंबाखू वेगळी. हा फरक वाचकाला स्पष्ट करून सांगणं हे तुमचंच काम आहे.

आता दुसऱ्या बाजूने होणाऱ्या चुकांबद्दल, कारण त्याही तुमच्याच पानांवर होतात. आरोग्याच्या पानावर ई-सिगारेट जीवघेणी असते, आणि जीवनशैलीच्या पुरवणीत तीच ‘धूरविरहित पर्याय’ म्हणून सुंदर फोटोंसह येते. त्यातून जे निघतं ती पाण्याची वाफ नव्हे. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादासाठीची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटीन यांचे सूक्ष्म थेंब असतात ते. कॉइलमधल्या धातूंचे अंशही त्यात सापडतात. माझ्याकडे एका शाळकरी मुलीला तिची आई घेऊन आली होती. मुलगी रात्री झोपेतून उठून उशीखालून ते यंत्र काढून झुरका घ्यायची. कंपासपेटीत मावेल एवढं ते यंत्र. ‘यात फक्त फ्लेवर असतो’ असं ती मला अगदी प्रामाणिकपणे सांगत होती. तिच्या डब्यावरच्या बारीक अक्षरांत निकोटीनचं प्रमाण लिहिलेलं होतं, ते आम्ही तिघींनी मिळून वाचलं. आईचा चेहरा उतरला आणि मुलगी एकदम गप्प झाली.

अशा मुलांसाठी धोक्याची बातमी हवीच, आणि ती नेमकी हवी. निकोटीनचे क्षार वापरले की घशाला ठसका कमी लागतो, त्यामुळे जास्त निकोटीन सहज आत जातं. जूल या ई-सिगारेट कंपनीच्या अमेरिकेतल्या पॉडमध्ये, म्हणजे द्रवाच्या कुपीत, ते 5 टक्के होतं, तर युरोपीय संघाने मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमची मर्यादा घातली, म्हणजे साधारण 2 टक्के. 2019 मध्ये अमेरिकेतले हायस्कूलचे 27.5 टक्के विद्यार्थी ई-सिगारेट ओढत होते. 2024 मध्ये हे प्रमाण 7.8 टक्क्यांवर आलं. वाढ तुम्ही ‘साथ’ म्हणून दाखवलीत, योग्यच केलंत. घट का दाखवली नाहीत? ज्या उपायांनी ती झाली असेल त्यांची चर्चा पालकांना, शिक्षकांना हवी आहे. घरात लहान मूल असेल तर रिफिलची बाटली कुलपात ठेवा, तो द्रव पोटात गेला तर विषबाधा होते, ही साधी सूचनाही क्वचितच वाचायला मिळते.

‘95 टक्के कमी घातक’ हा आकडाही असाच छापला जातो, जणू कुणी यंत्र लावून मोजला आहे. तो आला 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून. तज्ज्ञांच्या गटाने एकत्र बसून 12 निकोटीन उत्पादनांना 14 निकषांवर गुण दिले होते. तज्ज्ञांचा अंदाज होता तो. 2015 मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने तो उचलला आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्याच्या पायावर कडक टीका केली. 2016 मध्ये ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने स्वतःच्या अहवालात म्हटलं, की दीर्घकालीन अपाय सिगारेटच्या 5 टक्क्यांहून जास्त असण्याची शक्यता कमी. मला विचाराल तर धोका सिगारेटपेक्षा बराच कमी, यावर पुरावा भक्कम आहे. नेमका किती टक्के कमी, हे कुणीही छातीठोक सांगू नये. आजची ई-सिगारेट चिनी औषधनिर्माते होन लिक यांनी 2003 च्या सुमारास बनवली. कर्करोगाला दिसायला दशकं लागतात. ही अनिश्चितता वाचकाला सांगितली तर तो गोंधळत नाही. उलटसुलट मथळ्यांनी गोंधळतो.

आणि सगळ्यांत उपयोगी माहिती तर येतच नाही. 2017 मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात, सिगारेट पूर्ण सोडून दीर्घकाळ फक्त ई-सिगारेट वापरणाऱ्यांच्या शरीरात तंबाखूतल्या एका प्रमुख कर्करोगकारकाचा अंश सिगारेट ओढणाऱ्यांच्या मानाने 97 टक्के कमी आढळला. जे दोन्ही वापरत होते, त्यांच्यात असा फरक दिसला नाही. म्हणजे ‘दिवसा ई-सिगारेट, रात्री एक खरी’ यात फायदा जवळपास नाही. 2018 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणानुसार, दिवसाला 20 सिगारेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याचा जवळजवळ निम्मा धोका दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो. माझ्याकडे येणाऱ्यांतले कितीतरी जण ‘कमी केलीये’ म्हणून समाधानी असतात. त्यांना हे कुणीच सांगितलेलं नसतं.

सोडण्यासाठी उपयोग होतो का? 2019 मध्ये ब्रिटनमधल्या 886 जणांवरच्या चाचणीत ई-सिगारेट घेतलेल्यांपैकी 18 टक्के लोक वर्षानंतर सिगारेटपासून दूर होते, पॅच-गमच्या गटात 9.9 टक्के. त्याच चाचणीत यशस्वी झालेल्या ई-सिगारेटवाल्यांपैकी 80 टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते, पॅच-गमवाल्यांत 9 टक्के. दोन्ही आकडे एकत्र वाचले तरच चित्र पूर्ण होतं. एका बाजूचे समर्थक पहिला आकडा सांगतात, दुसऱ्या बाजूचे विरोधक दुसरा, आणि तुम्ही ज्याचा बाइट आधी मिळाला त्याचा लावता. 2022 पासून वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या परीक्षणानेही पॅच-गमपेक्षा निकोटीनच्या ई-सिगारेटने जास्त लोक सिगारेट सोडतात, याला उच्च दर्जाचा पुरावा असल्याचं म्हटलं आहे. फरक दर शंभरामागे तीन-चार माणसांचा. मोठा चमत्कार नाही, पण नगण्यही नाही.

देशांची धोरणं वेगवेगळी आहेत. भारताने 2019 च्या कायद्याने उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद केली. इंग्लंडने 2023 मध्ये दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना सोडण्यासाठी ई-सिगारेटचे संच देण्याची योजना जाहीर केली आणि 2025 मध्ये एकदाच वापरून फेकायच्या ई-सिगारेटवर बंदीही आणली. ऑस्ट्रेलियात त्या 2024 पासून फक्त औषधांच्या दुकानात मिळतात. यातलं योग्य कुठलं, यावर वाद होऊ द्या. पण बंदी आहे म्हणजे सिगारेटपेक्षा घातक असं सिद्ध झालं, किंवा परवानगी आहे म्हणजे निर्धोक, असा अर्थ बातमीतून निघता कामा नये. इंग्लंडमध्ये 2023 च्या एका पाहणीत सिगारेट ओढणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांना ई-सिगारेट तेवढीच किंवा जास्त घातक वाटत होती. सरकार एक सांगत होतं आणि लोकांच्या मनात दुसरंच होतं. ते कुठून आलं असेल, याचा विचार तुम्ही करावा.

पैशाचा उल्लेख टाळता येणार नाही. डिसेंबर 2018 मध्ये मार्लबरो सिगारेट बनवणाऱ्या आल्ट्रिया कंपनीने 12.8 अब्ज डॉलर देऊन जूलचा 35 टक्के हिस्सा घेतला. फिलिप मॉरिस इंटरनॅशनल या सिगारेट कंपनीच्या पैशावर 2017 मध्ये ‘धूरमुक्त जगा’साठी प्रतिष्ठान उभं राहिलं. विरोधातल्या मोहिमांनाही देणगीदार असतात; 2019 मध्ये अमेरिकी उद्योजक मायकेल ब्लूमबर्ग यांच्या संस्थेने मुलांमधल्या ई-सिगारेटविरुद्ध 16 कोटी डॉलर जाहीर केले. देणगी आहे म्हणून कुणाचं म्हणणं खोटं ठरत नाही. पण वाचकाला ते माहीत असलं पाहिजे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ई-सिगारेटच्या प्रत्येक बातमीत पहिल्या दोन परिच्छेदांत सांगा: धोका कशाच्या तुलनेत, शुद्ध हवेच्या की सिगारेटच्या.

आजार झाला असेल तर यंत्रात काय भरलं होतं ते लिहा. निकोटीन, टीएचसी की अजून कळलेलं नाही. कळलं नसेल तर तसं लिहा, आणि कळल्यावर पहिल्या बातमीएवढ्याच ठळकपणे छापा.

प्रयोग माणसांवर, उंदरांवर की पेशींवर, हे मथळ्यात असू द्या. मथळा उपसंपादकाने बदलला तर बातमी लिहिणाऱ्या वार्ताहराला तो दाखवल्याशिवाय पान सोडू नका.

मागे घेतलेल्या संशोधनाच्या जुन्या बातम्यांवर आजपासून दुरुस्तीची टीप लावा. हृदयविकाराच्या झटक्याच्या त्या लेखापासून सुरुवात करा.

मत देणाऱ्या प्रत्येक तज्ज्ञाला निधीविषयी विचारा आणि उत्तर छापा, तो कुठल्याही बाजूचा असो.

प्रौढांवरच्या अभ्यासाला शाळकरी मुलांचे फोटो लावू नका. जीवनशैलीच्या पुरवणीतला मजकूरही आरोग्य वार्ताहराच्या नजरेखालून जाऊ द्या.

आणि सिगारेट, तंबाखू किंवा ई-सिगारेटची बातमी असेल तिथे शेवटी सोडायला मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक द्या, पॅच आणि गम ही औषधं आहेत आणि ती डॉक्टरांनी सांगितली तेवढे आठवडे पूर्ण घ्यायची असतात, या वाक्यासह. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार तंबाखू दरवर्षी 70 लाखांहून अधिक माणसं मारते. त्या दोन ओळींना जागा नाही, असं उत्तर मी यापुढे स्वीकारणार नाही.

ज्यांना या मुद्द्यांवर आक्षेप असेल त्यांनी तो जरूर छापावा. मी मुद्देसूद उत्तर देईन. ज्यांना मान्य असेल त्यांनी आपल्या डेस्कसाठी नियम म्हणून ते लेखी घ्यावेत आणि वाचकांना तसं कळवावं.

आपली,
तंबाखू सोडणाऱ्यांबरोबर काम करणारी एक समुपदेशक